पुढचे मोठे ब्रेक बसवताय? या चुका टाळा

लहान गाडीला मोठ्या मॉडेलचे पुढचे ब्रेक चढवायचं खूळ इंदुरात पुन्हा वाढलंय. आठ-पंधरा दिवसांनी एखादा मुलगा माझ्या फाटकासमोर गाडी लावतो आणि म्हणतो, "काका, बसलं तर सगळं बरोबर, पण पेडल मऊ लागतंय." मग चाक काढून बघावं, तर त्याच त्या चुका. बोल्ट बसला म्हणजे ब्रेक बसला, असं या मुलांना कोणी शिकवलं कुणास ठाऊक.

सर्वात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे केलिपर (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला पॅडच्या चिमट्यात पकडणारा भाग) उजवा डावीकडे आणि डावा उजवीकडे. बऱ्याच गाड्यांचे दोन्ही केलिपर आरशात बघितल्यासारखे असतात. उलट लावले तरी बोल्ट विनातक्रार बसतात. फरक एवढाच पडतो, की हवा काढायचं निपल वर असायला हवं ते खाली जातं. तेलात अडकलेली हवा हलकी, ती वरच्या पोकळीत जाऊन बसते. तुम्ही खालून निपल उघडता, स्वच्छ तेल येतं, एकही बुडबुडा दिसत नाही, आणि हवा जिथल्या तिथे. म्हणून पेडल मऊ.

माझ्या भाच्याने हेच केलं. त्याची जुनी मारुती ८००. भंगारातून मोठ्या गाडीचा सेट उचलला, एका मिस्त्रीच्या मदतीने दोन दिवसांत चढवला. पेडल खोल जात होतं, पण दोन-तीनदा दाबलं की कडक व्हायचं. मिस्त्री म्हणाला, "भिया, चालवलं की सेट होईल." ब्रेक ऑइलचे तीन डबे हवा काढण्यात गेले, तरी कोणी खाली वाकून निपल कुठे आहे ते पाहिलं नाही. शहरात पलासिया ते राजवाडा गाडी नीट चालली, कारण सिग्नलपाशी पंप करायला वेळ मिळतो. मग रविवारी पोरं ओंकारेश्वरला निघाली. खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढे भेरूघाटात माळव्याचं पठार सोडून निमाडात उतरायला लागलं, की ब्रेकवरून पाय उचलायला उसंत नसते. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर पेडल सरळ तळाला. पोराने दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी दरीकडे न नेता डोंगराच्या बाजूच्या खडीत घातली, म्हणून चौघेही वाचले. "मामा, ब्रेक गेले," एवढंच फोनवर बोलला. आवाज इतका बारीक होता, की मी आधी ओळखलाच नाही.

क्रेनने गाडी वर आणली. संध्याकाळी चाकं काढली, तर दोन्ही निपलं जमिनीकडे. केलिपर अदलाबदल केले, तांब्याचे नवे वॉशर घातले, एकदा हवा काढली, आणि पेडल पहिल्याच दाबाला वर थांबलं. पाऊण तासाचं काम. त्या दिवसापासून मी केलिपर हातात आला की खडूने त्यावर "उ" आणि "डा" लिहितो. पेडल पंप केल्यावर कडक होत असेल, तर ब्रेकमध्ये हवा आहे असंच धरून चाला आणि गाडी रस्त्यावर काढू नका. "चालवलं की सेट होतं" असं सांगणाऱ्या मिस्त्रीकडे ब्रेकचं काम देऊ नका.

दुसरी चूक चाकाची. ८०० ला १२ इंची चाक आहे. मोठा केलिपर त्या रिमच्या आत मावत नाही, मग लोक ग्राइंडर काढतात आणि केलिपरच घासतात. हे बघून माझं डोकं फिरतं. ब्रेक दाबला की केलिपर स्वतःला फाकवायला बघतो. ती ताकद जे लोखंड धरून ठेवतं, तेच तुम्ही पातळ करताय! मावत नसेल तर रिम बदला, नाहीतर सेट परत करा.

मी जागा मोजतो ती कणकेने. घरातून लिंबाएवढा घट्ट गोळा आणायचा, केलिपरच्या बाहेरच्या कडेला दोन-तीन ठिकाणी थापायचा, चाक चढवून सगळे नट आवळायचे, हाताने एक पूर्ण फेरा फिरवायचा आणि चाक काढायचं. दबलेल्या कणकेची जाडी ३ मिमीपेक्षा कमी भरली, तर माझ्या हिशेबात ते चाक चालत नाही. रिमच्या आत बॅलन्सिंगची चिकटवजनं असतील तर तीही धरून मोजा. गाडी घरी फिरवली तेव्हा ठीक असते आणि टायरवाल्याने वजन लावल्यावर खरखर सुरू होते, ती यामुळेच.

आता पिस्टन, म्हणजे केलिपरमधला पॅड ढकलणारा दट्ट्या. मोठा पिस्टन म्हणजे जास्त ताकद, इथवर सगळ्यांना कळतं. पण ४८ मिमीच्या जागी ५४ मिमीचा पिस्टन आला, तर क्षेत्रफळ सुमारे १८.१ वरून २२.९ चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे सव्वापट. तितकंच सरकायला त्याला तेलही सव्वापट लागतं, आणि मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की तेल पुढे ढकलतो तो) तर जुनाच. पेडल थोडं खोल जाणारच. ते हवेमुळे नाही हे ओळखता आलं पाहिजे: हवा असली की पेडल स्पंजासारखं दबतं, पिस्टनमुळे असलं की खोल जातं पण थांबतं ते ठाम. फारच खोल जात असेल तर मास्टर सिलेंडरही जोडीचा घ्यावा लागतो. शिवाय पुढचा जोर वाढवून मागचा तसाच ठेवला, की पुढची चाकं आधी घसरतात. टायर गुळगुळीत असतील तर मोठ्या डिस्कचा काही उपयोग नाही. खरं सांगायचं तर निम्म्या मुलांना मी म्हणतो, कंपनीच्याच नव्या डिस्क, चांगले पॅड, ताजं तेल आणि नवे टायर घाल, मग ये. बहुतेक परत येत नाहीत.

कायद्याचंही आधी बघा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळ्या बदलांना आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलंय. सामान विकत घेण्याआधी आरटीओत विचारून या.

केलिपर होजवर (त्याला तेल नेणाऱ्या रबरी नळीवर) लटकवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. होजला पीळ नको. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा, गाडी जॅकवर आणि खाली, दोन्ही वेळा. होज ताणला किंवा टायरला घासला तर तो होज बदला. आटे सारखे दिसतात, सारखे नसतात. हाताने तीन-चार फेरे सहज गेले नाहीत तर पाना लावू नका. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर नवी डिस्कही थरथरते. जुन्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती वाचा. रबराला पेट्रोल लावू नका. तेल सीलबंद डब्यातलंच: डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० लाच. उघडा राहिलेला डबा मी टाकून देतो. आणि विटांवर टेकवलेल्या गाडीखाली जाऊ नका, घोडी (लोखंडी स्टँड) घ्या.

सगळं झालं की इंजिन चालू करून मी पेडल एक मिनिट जोरात दाबून धरतो. ते हळूहळू खाली गेलं, तर कुठेतरी गळतंय. मग पहाटे रिकाम्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून आठ-दहा वेळा वेग उतरवतो, पूर्ण न थांबता, म्हणजे पॅड बसतात. परत आल्यावर दोन्ही चाकांखाली वर्तमानपत्र पसरून ठेवतो. सकाळी त्यावर एक जरी डाग दिसला, तरी गाडी फाटकाबाहेर जात नाही.