सत्र संपताना एमएस्सी संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम कसा आवरावा

सोयाबीनची सोंगणी आणि कापसाचा पहिला वेचा दिवाळीच्या आगेमागे येतो, आणि तालुक्याच्या कॉलेजातला वर्ग ऐन सत्राच्या शेवटी निम्मा होतो. म्हणून शेवटचे तास कसे वापरायचे, हे वर्ग भरलेला असतानाच ठरवावं.

आधी उरलेल्या मुद्द्यांचे दोन रकाने करा. ज्यावाचून पुढच्या सत्राचा पेपर अडेल ते मुद्दे फळ्यावर घ्या, बाकीच्यांच्या नोट्स झेरॉक्सला द्या. शेवटचे सहा तास नवीन काहीही शिकवू नका. पोर्शन संपवायच्या नादात हेच तास खर्ची पडतात, आणि मुलांना प्रत्येक टेस्ट (संख्याशास्त्रीय कसोटी) येते पण कुठली कधी लावायची ते येत नाही.

या सहा तासांत प्रकरणाचं नाव न सांगता गणितं द्या. एक नमुना (आकडे शिकवण्यापुरते): पाच शेतं, प्रत्येकाचा अर्धा भाग कोरडवाहू, अर्ध्यात ठिबक, कुठला अर्धा ते चिठ्ठी टाकून ठरवलेलं. कापसाचा उतारा एकरी क्विंटलमध्ये असा:

कोरडवाहू: ६, ८, ५, ९, ७
ठिबक: ७, ९.५, ५.५, १०.५, ७.५

दोन स्वतंत्र नमुने धरले तर सरासरी ७ आणि ८, पूल्ड व्हेरियन्स (दोन्ही नमुन्यांचं एकत्रित विचरण) ३.२५, टी (सरासरीतला फरक भागिले त्याची प्रमाण त्रुटी) ०.८८. ८ डिग्रीज ऑफ फ्रीडमला (मोकळेपणानं बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) ५ टक्क्यांवर तक्त्यात २.३०६ आहे; टी त्याहून कमी, म्हणजे फरक सिद्ध होत नाही. आता जोड्या लावा. फरक १, १.५, ०.५, १.५, ०.५; त्यांची सरासरी १, एसडी (प्रमाण विचलन) ०.५, टी ४.४७. ४ डिग्रीजला २.७७६ लागतात, म्हणजे फरक ठळक आहे. आकडे तेच, निकाल उलटा! काळ्या कसदार रानाचा आणि बरड रानाचा फरक पहिल्या रीतीत एररमध्ये (कारण न लागलेल्या चढउतारात) मिसळतो, जोडी लावली की वजा होतो. वर्गाला दोन्ही उत्तरं काढू द्या आणि मगच विचारा, खरं कुठलं. कारण मुलांनीच सांगायला हवं.

प्रॅक्टिकलसाठी आर (R हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर एक चूक हमखास होते. आरबीडीत (प्रत्येक ब्लॉकात सगळे वाण चिठ्ठीनं लावायची प्रयोगरचना) ४ वाण आणि ३ ब्लॉक असतात, मुलं त्यांना १, २, ३, ४ असे नंबर देतात आणि फॅक्टर करायला (हे नंबर म्हणजे नुसती नावं आहेत असं आरला सांगायला) विसरतात. मग आर त्या नंबरांना मोजमाप समजतो आणि सरळ रेषा बसवतो. अ‍ॅनोव्हाच्या (विचरण विश्लेषणाच्या) तक्त्यात वाणाच्या ओळीत ३ ऐवजी १ डिग्री दिसते, एररला ६ ऐवजी ८. ब्लॉकही तसेच राहिले तर ९. पी-व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता) बघण्याआधी हा डिग्रीजचा रकाना तपासायची सवय लावा. सिम्युलेशनचं उत्तर लॅबमध्ये वेगळं आणि घरी वेगळं येत असेल, तर सीडसोबत (यादृच्छिक आकड्यांचा सुरुवातीचा नंबर) आरची आवृत्तीही बघा: ३.६.० पासून आरची यादृच्छिक निवडीची पद्धत बदलली आहे. लाइनचा भरवसा नसतो, म्हणून प्रत्येक प्रॅक्टिकलचं आउटपुट त्याच दिवशी पेनड्राइव्हवर घ्यायला लावा.

हातानं सोडवताना एफ-तक्ता (अ‍ॅनोव्हाच्या एफ-कसोटीचा तक्ता) उलटा वाचला जातो. ५ टक्क्यांवर (३, ६) ला ४.७६, पण (६, ३) ला ८.९४. अंशाच्या डिग्रीज रकान्यात, छेदाच्या ओळीत, हे तक्त्याच्या माथ्यावरच लिहून घ्या. बहुतेक छापील तक्ते असेच असतात.

रेकॉर्ड तपासताना आकडेमोडीपेक्षा शेवटची ओळ वाचा. ‘एच-नॉट (फरक नाही हे गृहीतक) सिद्ध झाला’ असं लिहिलं असेल तर सही करू नका. ‘नाकारण्याइतका पुरावा नाही’ असं लिहून आणायला सांगा. व्हायवात (तोंडी परीक्षेत) एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) बहुधा तिथेच बोट ठेवतात. अनुक्रमणिका, तारखा आणि प्रमाणपत्राचं पान प्रॅक्टिकल परीक्षेच्या आठवडाभर आधी पुरं करा.

वेचणीमुळे सेशनल हुकलेल्यांची फेरपरीक्षा एसटीच्या वेळा बघून दुपारची ठेवा. इंटरनलची यादी आधी मुलांना दाखवून प्रत्येकाची सही घ्या, मगच विद्यापीठाकडे पाठवा. गुण एकदा वर गेले की एका आकड्याच्या दुरुस्तीसाठीही अर्ज करत बसावं लागतं.