मडगावहून रात्रीच्या गाडीने साउथला जाताय? तारीख नीट बघा

गोव्यातून बॅग उचलून हंपी, केरळ करणाऱ्यांना मनापासून सांगतो, रात्री बारानंतरच्या गाडीचं तिकीट काढताना तारीख दोनदा बघा. शुक्रवारी जेवून घरातून निघालात आणि गाडी साडेबाराची असेल तर तिकीट शनिवारचं हवं. माझ्या मावसभावाने शुक्रवारचं काढलं, आणि मडगावला पोचला तेव्हा त्याची गाडी आदल्या रात्रीच गेलेली, मग काय, जनरलच्या डब्यात उभ्याने मंगळूरपर्यंत, पार हाल झाले बिचाऱ्याचे.

दुसरं म्हणजे पावसाळ्यात, साधारण जून ते ऑक्टोबर, कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, त्यामुळे पुढची बस लगेचची धरू नका, तीन-चार तास हातात ठेवा.

हंपीला स्टेशन नाहीये, होस्पेटला उतरायचं, तिथून हंपी साधारण तेरा किलोमीटर, लोकल बस मिळते. स्लीपरला अप्पर बर्थ घ्या, कारण मिडल रात्री दहा ते सहाच उघडता येतो. आणि बॅगेला साखळी-कुलूप लावाच, पैसे-आधार मात्र अंगावर.