फार्महाउसचा तलाव : पाळ फुटण्याआधी या चुका टाळा

नागपूरहून उमरेड, काटोल, पवनी, कुठल्याही रस्त्याला लागा, बोटिंगवाली फार्महाउसं दिसतील. नाल्यावर आडवी मातीची पाळ टाकायची, पाणी अडलं की दोन पेडल बोटी सोडायच्या, काठावर खाटा आणि चुलीवरचं सावजी मटण. धंद्याबद्दल माझी तक्रार नाही. पाळ एकदा उभी राहिली की काम संपलं असं समजणाऱ्यांबद्दल आहे. लहान पाळ तपासायला कोणी साहेब येईल या भरवशावरही राहू नका. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागतो, आणि १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटींत बसली तरच. तुमची पाच मीटरची पाळ त्यात येत नाही. म्हणजे तपासणारे तुम्हीच.

सांडवा अडवणं

या एका चुकीवर मी दरवर्षी डोकं फोडतो. मातीच्या पाळीवरून पाणी वाहायला लागलं की ते उतारावरची माती कापत मागे सरकतं, आणि काही तासांत पाळ जाते. म्हणून जास्तीच्या पाण्याला बाजूच्या कठीण जमिनीवरून वाट दिलेली असते, तो सांडवा. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव एकदा पाहून या. कोहळी समाजाने बांधलेले ते जुने तलाव शेकडो वर्षांनंतरही भरतात, आणि पाणी बाहेर पडायची जागा कोणी बुजवू नये याची गावालाच काळजी असते. आपल्या फार्महाउसवाल्याला मात्र ती जागा पाहून वाटतं, फुकट पाणी चाललं.

उमरेडच्या पुढे एका मालकाने तेच केलं. सांडव्यावर मातीची पोती रचून पातळी हातभर वाढवली. मग रोहू-कटला वाहून जातील म्हणून त्यापुढे बारीक नायलॉनची जाळी बांधली. मी म्हटलं, हे काढा. तो म्हणे, "भाऊ, पाणी दिसलं पाह्यजे ना. लोकं बोटीत बसाले येते, चिखल पाह्याले नाही."

हिशेब सोपा आहे. सांडवा पाळीच्या माथ्यापेक्षा मीटरभर खाली असेल आणि तुम्ही ४० सेंटिमीटर पोती रचली, तर उरलेल्या ६० सेंटिमीटरमधून ६० टक्के पाणी जात नाही. निम्म्याहूनही कमी जातं, कारण खोली घटते त्याहून झपाट्याने प्रवाह घटतो. आणि हा हिशेब जाळी स्वच्छ असेल तर!

ऑगस्टमध्ये रात्रभर पाऊस लागला. नाल्याने पळसाची पानं, बेशरमच्या फांद्या, पिशव्या, सगळं आणून त्या जाळीला लावलं. पहाटे चौकीदाराचा फोन आला तेव्हा पाळीच्या मधोमध, जिथून ट्रॅक्टर नेऊन नेऊन चाकोरी पडली होती, तिथून पाणी पलीकडे उतरायला लागलं होतं. मी पोहोचलो तोवर खालच्या उतारात बैलगाडी मावेल एवढी खोंगळ पडली होती. पोरांनी काठावर उभं राहून, कमरेला दोर बांधून, लांब बांबूला कोयता लावून जाळीचे दोर तोडले. पाण्यात कोणी उतरलं नाही, मी उतरू दिलंच नसतं. पोती प्रवाहाने स्वतःच ढकलली. पाऊस थांबला म्हणून पाळ वाचली, आमच्या हुशारीने नाही. मालकाचा पहिला प्रश्न होता, मासे किती गेले?

माझी सवय अशी : सांडव्याच्या दगडावर लाल ऑइलपेंटने रेघ मारून ठेवतो. तिच्यावर काही रचलेलं दिसलं की विचारत बसत नाही, काढून टाकतो. मासे गेले तर पुढच्या वर्षी बोटुकली पुन्हा सोडता येते. आणि मे महिन्यात गवंड्याचा लेव्हलचा पारदर्शक पाइप घेऊन पाळीचा माथा टोकापासून टोकापर्यंत तपासतो. भराव दबतो, आणि जिथे तो सगळ्यात उंच तिथेच, म्हणजे मध्ये, जास्त दबतो. तिथे मुरूम टाकून, पाणी मारून, धुम्मसने ठोकून माथा भरून घ्यायचा. पाळीवरून ट्रॅक्टर बंद.

पाझराला सिमेंट फासणं

पाळीच्या पायथ्याशी ओल दिसली की लोक घाबरतात आणि नको ते करतात : बाहेरच्या बाजूने सिमेंटचा गिलावा. पाणी थांबल्यासारखं दिसतं. खरं म्हणजे ते आत अडतं, पाळीतला भिजलेला भाग वर वर चढतो आणि एक दिवस बाहेरचा उतार घसरतो. मातीची पाळ थोडी पाझरणारच. पाहायचं ते पाणी किती आहे आणि कसं आहे.

मी काचेची बाटली ठेवतो. पाझराचं पाणी भरायचं, खिडकीत ठेवायचं, तासाभराने तळ पाहायचा. नितळ राहिलं तर महिन्यातून एकदा पुन्हा भरायचं आणि बादली भरायला किती वेळ लागतो ते वहीत लिहायचं. तळाशी गाळ बसला, किंवा तलावाची पातळी तेवढीच असून बादली लवकर भरायला लागली, तर पाणी आतून माती उचलून नेतंय. तेव्हा त्या जागी आधी जाड स्वच्छ वाळू, तिच्यावर बारीक गिट्टी, मग मोठी गिट्टी असे थर द्यायचे : पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. सोबत तलावाची पातळी उतरवायची आणि अभियंत्याला बोलवायचं. पाणी गढूळ आणि जोरात येत असेल तर गिट्टी नंतर, आधी खालच्या वस्तीला उठवा.

पातळी उतरवताना घाई करू नका. दिवसाला फूटभरापेक्षा जास्त उतरवली तर आतल्या बाजूची भिजलेली माती पाण्याचा आधार गेल्यामुळे सरकते. पाळ जातेच आहे अशी वेळ असेल तर गोष्ट वेगळी.

काळ्या मातीचा माथा उघडा ठेवणं

आपली कपाशीची माती पाणी धरते, हे खरं. पण मे महिन्यात तीच हात जाईल एवढी भेगाळते, आणि जूनचं पहिलं पाणी थेट त्या भेगांत शिरतं. ती पाळीच्या पोटात गाभ्याला वापरा, बाहेरून मुरमाचं कवच द्या, माथ्यावर वीतभर मुरूम. आणि भराव वीतभराच्या थरांनी, ओला करून, रोलर फिरवत. जेसीबीवाला "चार दिवसांत करून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

बाकीचं थोडक्यात

पाळीवर झाडं नकोत, सावली हवी तर काठावर लावा. मुळं कुजली की पाण्याला आयत्या नळ्या मिळतात. हरळी उत्तम, बेशरम उपटून टाका.

घुशीची, खेकड्याची बिळं वरून माती लोटून बुजत नाहीत. खोदून उघडायची, थराथराने ठोकून भरायची. २०१९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांचं नाव पुढे आलं आणि राज्य हसलं. बिळं खरी असतात, पण ती वेळेवर बुजवायची जबाबदारी खेकड्याची नसते.

बागेच्या पाण्यासाठी पाळ खोदून पीव्हीसी पाइप टाकू नका. पाइपाच्या कडेने पाणी वाट काढतं. पाळीवरून सायफन न्या.

पाणी सोडायचं गेट दर उन्हाळ्यात एकदा उघडून बंद करा. पाच वर्षं न फिरलेलं चाक पुराच्या रात्री फिरत नाही.

म्हशींना उतरायला एकच जागा द्या, तीही पाळ सोडून.

नाल्याच्या खालच्या अंगाला कोण राहतं, वीटभट्टी कुठे, मेंढपाळ कुठे उतरतात, हे चौकीदाराला माहीत हवं. सरपंच, पोलीस पाटील आणि त्या वस्तीतल्या दोघांचे नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहा, मोबाइलमध्ये नाही. पुराच्या रात्री लाइट जाते आणि चार्जिंग संपलेलं असतं.