क्रोमचा लोगो रंगवताय? आधी या चुका टाळा

स्प्रेचा डबा आणला, दोन हात मारले, लोगो काळाभोर झाला आणि तिसऱ्यांदा गाडी धुताना कडेचा रंग पापुद्र्यासारखा सुटला. माझ्या पहिल्या लोगोचं असंच झालं. रंग चांगला होता, चूक त्याच्या खाली होती.

स्पेअर पार्टच्या दुकानात ज्याला मोनोग्राम म्हणतात, तो बहुधा आतून एबीएस प्लास्टिकचा असतो. त्यावर तांबं, मग निकेल आणि सर्वांत वर क्रोमचा थर, तोही साधारण अर्धा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) किंवा त्याहून पातळ. म्हणजे रंग धरायचा आहे धातूला, पण उष्णता आणि थिनर सोसायचे आहेत प्लास्टिकला. बहुतेक चुका या दोहोंपैकी एक विसरल्यामुळे होतात.

लोगो गाडीवरून काढतानाच चुकांची सुरुवात होते. हीट गन लावू नका. शंभर अंशांच्या आसपास एबीएस मऊ पडून वाकतं. लोगो ज्याने चिकटवलेला असतो ती दोन्ही बाजूंनी चिकटणारी डबल टेप हेअर ड्रायरने कोमट करा आणि मागून तंगुसाचा दोरा करवतीसारखा ओढा. उरलेला चिकटा रॉकेलने निघतो, पण रॉकेलचा तेलकटपणा साबणाने धुवायलाच हवा. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर किंवा ॲसिटोन मात्र लांब ठेवा. क्रोमवर काही दिसत नाही, पण मागच्या उघड्या प्लास्टिकला ते विरघळवतात.

मग सगळ्यांत मोठी चूक: आधी घासणं, नंतर धुणं. गाडीला लावलेल्या पॉलिशमधलं सिलिकॉन अशाने ओरखड्यांत जाऊन बसतं आणि रंगावर बारीक गोल खळगे पडतात. पेंटर त्याला फिश आय म्हणतात. म्हणून आधी भांड्यांच्या साबणाने धुवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मगच घासायचा पेपर हातात घ्या.

घासताना घाई नको. ४०० ते ६०० नंबरचा वॉटर पेपर, भरपूर पाणी आणि बोटांचा हलका दाब. कोरडं घासू नका, ती धूळ छातीत जाऊ नये. क्रोम कडक असतो, त्यामुळे सपाट भागाची चमक लवकर जात नाही आणि कंटाळून आपण जोर लावतो. तो जोर कडांवर उतरतो. पिवळसर झाक म्हणजे निकेल, तिथे काळजी नाही. तांबूस दिसलं की हात थांबवा. अक्षरांच्या खाचांत पेपर पोचत नाही, तिथे हिरव्या घासणीचा तुकडा काडीला गुंडाळून फिरवा. पापुद्रा नेहमी या खाचांतून आणि कडांवरून सुटतो, म्हणून माझा निम्मा वेळ इथेच जातो. क्रोम आधीच फुगलेला असेल तर सुटा भाग काढून कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत घासा. काही जण क्रोम उतरवायला टॉयलेट क्लीनर वापरतात. घरी हा प्रयोग करू नका. त्यातलं आम्ल ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो.

झालं की नाही ते पाणी सांगतं. धुतल्यावर पाणी सलग पसरलं तर ठीक, थेंब होऊन आकसलं तर अजून तेलकट आहे. कोरड्या लोगोत कुठेही आरसा दिसता कामा नये.

आता प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात. ‘प्लास्टिक प्रायमर’ इथे कामाचा नाही. तो बंपरसारख्या उघड्या प्लास्टिकसाठी असतो. इथे धरायचं आहे धातूला, म्हणून मी एपॉक्सी प्रायमर घेतो. पण कुठलाही प्रायमर घासण्याची कसर भरून काढत नाही. वीसेक सेंटिमीटरवरून पातळ हात मारा आणि दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ सोडा. जाड हाताने ओघळ येतात, अर्धवट वाळलेल्यावर मारलं तर सुरकुत्या. पावसाळ्यात दमट हवेत रंगावर दुधी झाक येते, म्हणून उघडीप बघूनच डबा उघडा.

प्रायमर पूर्ण वाळला की आतल्या कडेला मास्किंग टेप दाबून झटक्यात ओढा. टेपवर काही आलं तर रंगाचा डबा उघडू नका, पुन्हा पेपर घ्या.