लघुउद्योगांच्या पैशांवर संशोधन : सांगलीतून सुरुवात करणाऱ्यांसाठी

एम. ए. अर्थशास्त्र झाल्यावर बरेच जण विचारतात, लघुउद्योगांच्या भांडवलावर काम करायचं तर सुरुवात कुठून? माझं उत्तर ठरलेलं आहे : आधी एक शोधनिबंध नीट वाचा, मग कुपवाड एमआयडीसीत जा.

तो निबंध असा : सुरेश दे मेल, डेव्हिड मॅकेन्झी आणि ख्रिस्तोफर वुड्रफ या अर्थतज्ज्ञांनी श्रीलंकेतल्या अगदी छोट्या धंद्यांना चिठ्ठ्या टाकून भांडवल वाटलं. २००८ साली निष्कर्ष आले : त्या भांडवलावर महिन्याला सुमारे ५ टक्के परतावा, म्हणजे बँकेच्या व्याजापेक्षा कितीतरी जास्त. पण बायकांच्या धंद्यांत सरासरीने वाढ दिसलीच नाही. हा भाग पुन्हा पुन्हा वाचा. पैसा दिला की धंदा वाढतो, हे इतकं सरळ नाही. चिठ्ठ्या का टाकल्या, हेही समजून घ्या. बँक मुळात चालत्या धंद्यालाच कर्ज देते, मग धंदा कर्जामुळे वाढला की आधीच चांगला होता, हे कळणार कसं? चिठ्ठीने वाटलं की हा घोळ राहत नाही.

आकडेवारीत एक खाच आहे. वार्षिक उद्योग सर्वेक्षणात मुख्यतः नोंदणीकृत कारखानेच येतात : वीज वापरत असतील तर किमान १० कामगार, नसतील तर २०. चार लेथवाला वर्कशॉप त्यात दिसणार नाही. त्याच्यासाठी असंघटित उद्योगांचं सर्वेक्षण उघडा. २०१५-१६ च्या फेरीनुसार देशात अंदाजे ६.३३ कोटी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग होते.

खरं शिक्षण मात्र वहीत आहे. जॉबवर्क करणाऱ्याला बिलाची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख शेजारी-शेजारी लिहून द्यायला सांगा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. वहीतलं अंतर मोजलं की कर्जाची गरज कुठून उगवते ते कळतं : माल गेलेला, पैसे अडकलेले, आणि शनिवारी पगार द्यायचाच. मग पतसंस्था, भिशी, नाहीतर हातउसने.

हळदीच्या पेठेत तर वेळेचा हिशेब आणखी महत्त्वाचा. माल हंगामात घेऊन ठेवायचा आणि वर्षभर विकायचा, मग एका महिन्याच्या विक्रीतून त्याच महिन्याचा खर्च वजा केला तर खोटा तोटा दिसणारच. श्रीलंकेत भांडवल वाटणाऱ्या त्याच तिघांनी २००९ मध्ये दाखवलं की छोट्या धंद्यात विक्री आणि खर्च वेगवेगळे विचारण्यापेक्षा 'नफा किती झाला?' असं थेट विचारलेलं जास्त भरवशाचं ठरतं. शेतमाल तारण योजनाही इथेच समजून घ्या : हळद गोदामात ठेवून तिच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी. हे कर्ज कोण घेतं आणि कोण आडत्याकडूनच उचल घेतं, यावर एक चांगला प्रबंध उभा राहील. निर्यातीकडे वळायचं असेल तर हळदीचे आकडे ०९१०३० या एचएस संकेतांकाखाली (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला क्रमांक) शोधा.

मार्चअखेरीस मुलाखती ठेवू नका. हिशेब बंद करायची घाई असते आणि पेठेत ऐन हंगाम. पावसाळ्यात दुपारी जा, माणसं निवांत बोलतात आणि वहीही पुढे करतात.