बर्फ लोटण्याआधी मोरीची तोंडं शोधून ठेवा
(ऑन्टॅरिओच्या ग्रे-ब्रूस भागातल्या शेतकऱ्यांसाठी हिवाळी सल्ला)

जमीन अजून गोठलेली नाही. खुंट आत जातोय तोवर, याच आठवड्यात, ड्राइव्हवेखालून चराचं पाणी पलीकडे नेणाऱ्या प्रत्येक मोरीच्या (नळाच्या) दोन्ही तोंडांशी लोखंडी खुंट ठोका. छातीएवढा उंच, वर नारिंगी फडका. ह्युरॉन सरोवरावरून वारा सुटला की रात्रीत चर, कडा, मोरी सगळं पांढरं सपाट होतं. मग ट्रॅक्टरवरचा माणूस जागा दिसेल तिथे बर्फ लोटतो, आणि जागा असते ती नेमकी चरातच.

ड्राइव्हवेपायी पीक गेलेलं पाहतो ते असंच. जानेवारीत काही बिघडत नाही. लोटलेला बर्फ मोरीच्या तोंडात दाबून बसतो, दगडासारखा. मार्चमध्ये शेतातला मोकळा बर्फ आधी वितळतो, रचलेला ढीग मात्र हलत नाही. पाणी अडतं, चर सोडून शेतात शिरतं आणि रात्री पारा उतरला की तिथेच त्याची लादी होते. लसूणघास (इथली अल्फाल्फा) थंडी सोसते, भुसभुशीत बर्फाचं पांघरूण तर तिला हवंच असतं. पण लादीखाली हवा कोंडली की झाड मुळाच्या माथ्यापासून मरतं. ऑक्टोबरात लावलेला लसूण त्याच पाण्यात कुजतो. मे महिन्यात शेतात टक्कल दिसलं की लोक बियाण्याला नावं ठेवतात, आणि दुकानदार नवं बियाणं आणि वर कसलं तरी टॉनिक गळ्यात मारतो. मोरी तपासायला कोणी जात नाही.

बर्फ कुठे लोटायचा? इथला जोराचा वारा बहुतेक पश्चिम-वायव्येचा, म्हणून ढीग पूर्वेच्या अंगाला. वाऱ्याच्या अंगाला बांध घातलात तर तोच बांध उडता बर्फ अडवून ड्राइव्हवेवर आणून टाकेल. मोरीपाशी मात्र ब्लेड उचला, बर्फ पुढे न्या आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरच्या लांबीएवढी जागा मोकळी सोडा. हे माप पुस्तकातलं नाही, माझ्या अंदाजाचं आहे. पहिल्या खेपेपासूनच रुंद साफ करा. कडेचे ढीग एकदा गोठले की ते मागे सरकत नाहीत आणि फेब्रुवारीत दुधाचा टँकर आत येत नाही.

सफरचंदाच्या कोवळ्या झाडांशी ढीग नको. खोडाला उंदरांपासून ६ मिलिमीटरची जाळी लावलेली असली तरी दाबल्या बर्फावर चढून ससे जाळीच्या वरची साल खातात.

खडीच्या ड्राइव्हवेवरचा पहिला बर्फ खरवडू नका. ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबून त्याचा थर बसवा. खाली जमीन गोठेपर्यंत ब्लेडच्या तळाचे बूट दोन-तीन सेंटिमीटर उंच ठेवा, किंवा मागचं ब्लेड उलटं फिरवा म्हणजे धार रुतत नाही. खरवडलेली खडी कडेच्या गवतात जाते आणि जूनमध्ये गवत कापणीच्या यंत्राची पाती मोडते. हाही ड्राइव्हवेचाच खर्च, पण तो हिशेबात कोणी धरत नाही.

टोरांटोकडून इकडे जमीन घेऊन आलेल्या आपल्या मंडळींना विक्रेते पहिल्याच हिवाळ्यात पुढे बसवायचा स्नोब्लोअर (बर्फ दूर उडवून फेकणारं यंत्र) दाखवतात. मागचं साधं ब्लेड आणि पुढचं बकेट बहुतेकांना पुरतं. ड्राइव्हवे लांब, उघड्यावर आणि सतत भरणारा असेल तर ब्लोअर खरंच कामाचा, कारण तो बांध रचत नाही. पण तोही जुना, मागे बसणारा बघा. त्याआधी उडता बर्फ अडवणारं कुंपण उभारा. अधिकृत सूत्र असं : वाऱ्याच्या अंगाला, कुंपणाच्या उंचीच्या ३५ पट अंतरावर. म्हणजे १.२ मीटर उंचीचं फटींचं कुंपण ड्राइव्हवेपासून ४२ मीटर अंतरावर. खाली थोडी फट ठेवा.

मीठ खडीवर टाकू नका. उणे १० च्या खाली साधं मीठ जवळजवळ काम करत नाही. त्याच्या वर काम केलंच तर गोठलेला पृष्ठभाग सोडवून चिखल करतं आणि चरातून पिकात उतरतं. ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून महाग विकतात त्या पोत्यावर आत काय आहे ते वाचा, बरेचदा क्लोराइडच, म्हणजे मीठच, निघतं. चढावर भरड वाळू टाका.

बाकीची तयारी :
– टाकीत हिवाळी डिझेल, ब्लॉक हीटर (थंडीत इंजिन गरम ठेवणारा) तपासलेला
– मागच्या चाकांना साखळ्या, पुढे बकेट असेल तर मागे वजन
– ब्लोअरच्या जादा शिअर पिन (यंत्र अडकलं की आधी तुटणाऱ्या खिळी), योग्य मापाच्याच. साधा बोल्ट घालून भागवू नये
– पीटीओ (ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर. ब्लोअरचं तोंड तुंबलं तर पीटीओ बंद, इंजिन बंद, मगच काठीने मोकळं करायचं, हाताने नाही
– रोलबार (ट्रॅक्टर उलटला तर वाचवणारी कमान) उभा, पट्टा बांधलेला
– कडेला खुणेच्या काठ्या
– सार्वजनिक रस्त्यावर बर्फ लोटू नये. ऑन्टॅरिओत लेखी परवानगीशिवाय तो गुन्हा आहे

फेब्रुवारीच्या शेवटी दिवसाचा पारा शून्यावर जाईल असा अंदाज दिसला की बाकी कामं टाका. पाऊस सांगितला असेल तर आदल्या दिवशीच. खुंट बघून फावड्याने आधी उताराकडचं तोंड मोकळं करा, मग वरचं. वर पाणी साचलेलं असेल तर मोरीच्या समोर उभं राहू नका, बाजूने फोडा. चरात जिथे जिथे ढीग पडलाय तिथे पाण्याला वाट देणारी खाच पाडा, आणि थंडी परतली तर सकाळी पुन्हा जाऊन बघा.