तापमानाच्या उपग्रहचित्रांवरून जमिनीचा पोत: इंदूरच्या काळ्या मातीसाठी

उपग्रहाला पोत, म्हणजे मातीतलं वाळू-गाळ-चिकणमातीचं प्रमाण, दिसत नाही, तापमान दिसतं. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते, म्हणून ती उशिरा तापते. मुरुमाड जमीन काही दिवसांतच सुकून तापू लागते. पकडायचा तो हा फरक. मेमधल्या एखाद्या चित्रावर मुळीच विसंबू नका. तेव्हा सगळंच वाळलेलं असतं आणि काळा रंग ऊन शोषतो, त्यामुळे भारी जमीनच जास्त तापलेली दिसू शकते.

सांवेर-देपालपूरकडे सोयाबीन निघाल्यापासून गहू पेरेपर्यंतचे दिवस उत्तम. वळवानंतर करू नये. वळीव एका गावाला भिजवतो, शेजारचं कोरडं ठेवतो, आणि नकाशात पोताऐवजी पाऊस उमटतो.

लँडसॅट ८ आणि ९ या उपग्रहांची, आठ ते सोळा दिवसांच्या अंतराची दोन निरभ्र चित्रं घ्या. लेव्हल-२ (दुरुस्त करून तयार दिलेली माहिती) मधल्या बँड १० च्या, म्हणजे तापमानाच्या पट्ट्याच्या, आकड्याला ०.००३४१८०२ ने गुणून १४९ मिळवले की केल्विन मिळतं. एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) ०.२ च्या वर असेल तो भाग गाळा, जळालेली नरवाई (कापणीनंतरचे खुंट) ही. पलेवा (पेरणीआधीचं पाणी) दिलेली शेतं हमखास फसवतात: बांधाला बांध लावून कापल्यासारखा थंड चौकोन दिसला की ते पाणी समजा. मग प्रत्येक चित्रातून त्या दिवसाचं उघड्या जमिनीचं सरासरी तापमान वजा करा, म्हणजे हवामानाचा फरक जातो. दोन तारखांमधला बदल आणि अल्बेडो (जमीन किती ऊन परावर्तित करते ते), दोन्ही मॉडेलला, म्हणजे मातीच्या नमुन्यांवरून पोताचा अंदाज शिकणाऱ्या संगणकीय गणिताला, द्या.

पिक्सेल ३० मीटरचा मिळतो, पण मूळ मोजणी १०० मीटरची. म्हणून चहूबाजूंनी २००-३०० मीटर एकसारखी जमीन असेल तिथलाच नमुना घ्या: पाच-सहा ठिकाणची ०-१५ सेंमी माती, एकत्र करून.

हायड्रोमीटरसाठी (पाण्यात तरंगणाऱ्या मातीवरून पोत मोजणारं उपकरण) २ मिमी चाळणीतली ५० ग्रॅम माती सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटमध्ये रात्रभर भिजवा. काळ्या मातीची ढेकळं फुटली नाहीत तर चिकण कमी भरते. उलट दोन तासांच्या नोंदीत बारीक गाळही तरंगत असतो आणि चिकण फुगते. सात-आठ तासांनी नोंद घ्या.

तपासणीसाठी सुटे नमुने नव्हे, अख्खी गावं बाजूला ठेवा. शेजारची शेतं सारखीच असल्याने मॉडेल उगाच हुशार भासतं.

वाळू ओळखायची दुसरी युक्ती म्हणजे ८ ते ९.५ मायक्रॉनमधली क्वार्ट्झची खूण, अॅस्टर या उपग्रहावरच्या उपकरणाच्या बँडमध्ये दिसणारी. माळव्याची माती बेसॉल्टची, क्वार्ट्झ कमी. इथे तिच्यावर वेळ घालवू नका.